लिनक्स लॅपटॉप दुकानात आणण्याआधी एवढं वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. त्याच्या आगेमागे, चालायला ठणठणीत पण विंडोज ११ ला अपात्र ठरलेले बरेच लॅपटॉप आमच्या काउंटरवर आले, आणि अजूनही येतात. बहुतेकांवर आम्ही विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम, तिचा मिंट किंवा उबुंटू हा प्रकार, घालून देतो. मशीन नीट चालतं. मग कधीतरी वायफाय गायब होतं, किंवा नेट जोडलेलं दिसतं पण एकही साइट उघडत नाही, आणि फोन येतो. या तक्रारी घरच्या घरी सुटण्यासारख्या असतात, म्हणून हे पत्रक.

कमांड्स, म्हणजे टर्मिनल नावाच्या खिडकीत टाइप करायच्या आज्ञा, यात मुद्दाम छापलेल्या नाहीत. त्या लॅपटॉपबरोबर दिलेल्या कार्डावर आहेत. इथे छापल्या तर मजकूर सोडून लोक आधी त्याच टाइप करतात, आणि आमची मुख्य तक्रार नेमकी तीच आहे.

इंटरनेटवर शोधून सापडलेलं पहिलं उत्तर टर्मिनलमध्ये चिकटवायचं, जमलं नाही की दुसरं, मग तिसरं. संध्याकाळपर्यंत मूळ दुखणं बाजूला राहतं आणि वरच्या इलाजांनी नवीन दोन उभी राहतात. मग लॅपटॉप आमच्याकडे येतो आणि आम्ही विचारतो, ‘काय काय केलंत?’ उत्तर ठरलेलं: ‘विशेष काही नाही हो.’

कोथरूडच्या एका काकांचं वायफाय बंद पडलं. कारण इतकंच होतं की साफसफाई करताना विमानाचं चित्र असलेली की दाबली गेली. पण कुठल्यातरी जुन्या उत्तरात ‘नेटवर्क मॅनेजर काढून पुन्हा घाला’ असं होतं. काकांनी तो काढला. पुन्हा घालायला नेट हवं, आणि नेट जोडणारा प्रोग्रॅम तर नुकताच काढलेला! वायफाय कशाने बंद आहे ते सांगणारी ‘आरएफकिल’ ही एकच कमांड आधी दिली असती तर पडद्यावर ‘सॉफ्ट ब्लॉक्ड : येस’ दिसलं असतं आणि तीच की परत दाबून काम झालं असतं. ‘हार्ड ब्लॉक्ड : येस’ आलं तर आधी लॅपटॉपच्या कडेला वायफायचं सरकतं बटण आहे का ते पाहा. जुन्या मॉडेलना असतं.

उत्तर कोणत्या सालचं आणि कोणत्या आवृत्तीसाठी आहे, हे आधी बघायचं. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वर उभं आहे, मिंट २१ हे २२.०४ वर. १६.०४ साठी लिहिलेला इलाज आज चालेलच असं नाही, आणि जुन्या आवृत्तीची सॉफ्टवेअर रिपॉझिटरी (सॉफ्टवेअर जिथून उतरतं तो साठा) जोडून ठेवली की पुढचे अपडेट अडकतात. अख्ख्या सिस्टिमला ७७७ परवानगी (कुणालाही काहीही बदलू देणारी) द्या किंवा पायथन ३ (सिस्टिमचे बरेच प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती भाषा) काढून टाका असं कुणी सांगत असेल, तर तिथेच थांबा. पायथन ३ बरोबर डेस्कटॉपचे बरेच भाग निघून जातात. त्याआधी ‘हे हे काढलं जाईल’ अशी लांबलचक यादी पडद्यावर येते, ती न वाचता ‘वाय’ दाबलेलं असतं.

एका वेळी एकच उपाय करा आणि तो वहीत लिहा. लिहायचा राहिला तरी टर्मिनलला आठवतं. ‘हिस्टरी’ असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा, शेवटच्या हजारेक कमांड्स क्रमाने येतात. आम्हीही दुकानात आधी तेच उघडतो, त्यामुळे ‘विशेष काही नाही’ फार वेळ टिकत नाही. (पासवर्ड टाइप करताना काही मशीनवर फक्त तारका दिसतात, काहींवर काहीच उमटत नाही, ते तसंच असतं. कीबोर्ड बिघडलेला नाही.)

आता नेटबद्दल. ‘नेट बंद आहे’ यातून काहीच कळत नाही. कुठे अडलंय ते तीन पिंगमध्ये समजतं. पिंग म्हणजे समोरच्या मशीनला ‘ऐकू येतंय का?’ अशी मारलेली हाक. पहिला पिंग घरच्या राउटरला. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. तिथेच अडलं तर भानगड लॅपटॉप आणि राउटरच्या मध्ये आहे. दुसरा पिंग ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला, आणि तिसरा एखाद्या साइटच्या नावाला. राउटर उत्तर देतो, पण ८.८.८.८ देत नाही, आणि त्याच वायफायवर घरातल्या मोबाइललाही नेट नाही, तर फोन आम्हाला करू नका, ब्रॉडबँडवाल्याला करा. ८.८.८.८ कडून उत्तर येतं आणि साइटचं नाव टाकलं की ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ येतं, म्हणजे नेट चालू आहे, नावाचा पत्ता शोधून देणारा डीएनएस अडलाय. यावर डीएनएसचा पत्ता असलेली ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ फाइल हाताने बदलायचा सल्ला हमखास मिळतो. ती फाइल सिस्टिम स्वतः पुन्हा लिहिते, म्हणून आज चाललेलं उद्या बंद पडतं. डीएनएसचा पत्ता वायफायच्या सेटिंगमध्ये, आयपीव्ही४ च्या पानावर भरा. तिथे टिकतो.

बरेच दिवस कपाटात पडलेला लॅपटॉप काढला आणि प्रत्येक साइट ‘असुरक्षित’ सांगू लागली, तर आधी तारीख बघा. आतला सीआर२०३२ सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते आणि साइटची सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचे मुदतीचे दाखले) चुकीची ठरतात. हा सेल आम्ही बसवून देतो, फार वेळ लागत नाही. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या मशीनवर घड्याळ नेमकं साडेपाच तास चुकत असेल, तर सेलला दोष देऊ नका. विंडोज आतल्या घड्याळात भारतीय वेळ धरतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. कार्डावरची शेवटची कमांड त्यासाठीच आहे.

अपडेटनंतर वायफाय किंवा स्क्रीन बिघडली तर फॉरमॅटच्या गप्पा नकोत. मशीन चालू होताना एस्केप दाबा (काही मशीनवर शिफ्ट), ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा आणि आधीचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) निवडा. तिथे सगळं चालत असेल तर दोष नव्या कर्नलकडे आहे, आणि निदान होईपर्यंत तुमचं काम अडत नाही.

लिनक्सची खरी श्रीमंती म्हणजे फुकट मदत करणारी माणसं. पुण्यात तर पुणे लिनक्स युजर्स ग्रुपसारखी मंडळी कित्येक वर्षं हे करत आली आहेत. त्यांना विचारताना ‘वायफाय चालत नाही, प्लीज हेल्प’ एवढंच लिहिलं तर पुढचे दोन दिवस त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात जातात. लॅपटॉपचं मॉडेल, मिंट-उबुंटूची आवृत्ती, वायफाय चिपचं नाव, शेवटचं काय बदललं आणि एररचा मजकूर, हे पहिल्याच निरोपात द्या. एरर कॉपी करून द्या, मोबाइलने काढलेला तिरका फोटो नको. डेस्कटॉप मराठीत ठेवला असेल तर काही एररही मराठीत येतात आणि त्या शोधून हाती काही लागत नाही. त्या इंग्रजीत कशा आणायच्या ते कार्डाच्या मागे आहे. आणि दुखणं सुटलं की कशाने सुटलं ते कळवा. मदत करणाऱ्याला मिळतं ते एवढंच.

आमच्याकडून घेतलेल्या प्रत्येक लॅपटॉपवर टाइमशिफ्ट लावलेलं असतं. सिस्टिम जशी होती तशी ते परत आणतं, आणि त्याला नेट लागत नाही. काकांचा लॅपटॉप त्यानेच ठीक झाला. फोटो आणि कागदपत्रं मात्र त्यात धरलेली नसतात, त्यांची प्रत वेगळी ठेवा. डिस्क भरली म्हणून टाइमशिफ्टच्या प्रती पुसू नका. जागा कमी पडत असेल तर मोठी एसएसडी घाला, आमच्याकडे आहेत.

यूएसबी वायफाय घेताना खोक्यावरच्या ‘लिनक्स सपोर्ट’वर जाऊ नका. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत चिप वेगळी निघते. तपकीर गल्लीत स्वस्त मिळतं हे मान्य, पण ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्रॅम) घालायला तुम्ही परत आमच्याकडेच येता. आम्ही लावून, चालवून दाखवलेलंच विकतो, म्हणून थोडं महाग.

आम्ही फोनवर दुरुस्ती का करत नाही, असं बरेच जण विचारतात. एक अक्षर चुकीचं ऐकलं की कमांडचा अर्थ बदलतो, आणि निस्तरायला परत आम्हीच. काय काय केलं त्याची यादी घेऊन आलात तर तपासणीचे पैसे घेत नाही. यादी नसेल तर आधी झालेला गुंता सोडवायचा वेगळा दर लागतो, तो काउंटरवर लावलेला आहे.

येताना चार्जर आणा. दुपारी गर्दी कमी असते, आणि दुकान उघडं असतं.