एकाच तापाचे दोन अर्थ
मोठ्या अपघातातून किंवा अवयव प्रत्यारोपणानंतर घरी आलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी

नमस्कार. आमच्या नर्सिंग ब्युरोतून तुमच्या घरी सिस्टर, ब्रदर किंवा मावशी येऊ लागल्या की पहिल्या आठवड्यातच घरातलं कोणीतरी तापाबद्दल विचारतं. सिंहगड रोडवरच्या एका वहिनींनी तो प्रश्न फार नेमका विचारला होता. "दिराला नवले पुलाजवळ अपघात झाला तेव्हा आयसीयूत तीन दिवस १०१ ताप होता. डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन दिसत नाही, हा जखमेचा ताप. आता सासऱ्यांची किडनी बदलली, तर ९९.८ ला पण तुमच्या सिस्टर म्हणतात डॉक्टरांना कळवा. खरं काय समजायचं?"

दोन्ही खरं आहे. ते का, हे समजलं तर आमची माणसं तुमच्या घरी ज्या गोष्टींचा आग्रह धरतात त्यांचा त्रास वाटणार नाही, म्हणून हे पत्रक.

जंतू नसताना ताप कसा येतो

हाड मोडतं, स्नायू चिरडतो, तेव्हा लाखो पेशी फुटतात आणि त्यांच्या आतला माल रक्तात सांडतो. त्यात मायटोकॉन्ड्रिया असतात, पेशीला ऊर्जा पुरवणारे छोटे भाग. ते मुळात जिवाणूंचे वंशज. फार प्राचीन काळी ते दुसऱ्या पेशीत शिरले आणि तिथेच राहिले. त्यांचा डीएनए आजही जिवाणूंच्या डीएनएसारखा दिसतो. तो पेशीच्या आत असतो तोवर कोणाला पत्ता नसतो. बाहेर सांडला की शरीराचे पहारेकरी त्याला शत्रू समजतात. गंभीर जखमी रुग्णांच्या रक्तात हे तुकडे खरोखर वाढलेले असतात, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं.

पहारेकऱ्यांतल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी सगळ्यांत आधी धावतात. आयएल-६ सारखी निरोपी रसायनं सुटतात. मेंदू शरीराचं तापमान वाढवतो आणि यकृत सीआरपी, म्हणजे दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन, बनवायला लागतं. त्यामुळे अपघातानंतरच्या दोन-तीन दिवसांत सीआरपी खूप वाढलेला आला तरी तेवढ्यावरून इन्फेक्शन म्हणता येत नाही. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा तो उतरतोय की उतरून पुन्हा चढतोय, हे महत्त्वाचं. म्हणून जुने रिपोर्ट टाकू नका. तारखेप्रमाणे फाईलला लावून ठेवा.

जखम मोठी असेल तर हा दाह जखमेपुरता राहत नाही, रक्तावाटे सगळीकडे पोचतो. "पाय मोडला होता, मग व्हेंटिलेटर कशाला लावला?" असं कितीतरी नातेवाईक आम्हाला विचारतात. मनात शंका असते की हॉस्पिटलने काही लपवलं. शंका येणं साहजिक आहे. पण मार न लागलेल्या फुप्फुसातही या दाहामुळे केशवाहिन्या झिरपू लागतात, हवेच्या पिशव्यांत पाणी भरतं आणि श्वास अपुरा पडतो. किडनीही अशीच मंदावू शकते.

आता जास्त महत्त्वाचा भाग, जो डिस्चार्जच्या घाईत सांगायचा राहून जातो. शरीर हा भडका विझवायलाही लागतं, आणि ते जवळजवळ त्याच वेळी सुरू होतं. पूर्वी समजत की आधी भडका, मग थंडावणं. आता दिसतं की दोन्ही सोबत चालतात. या विझवण्यात प्रतिकारशक्ती दबते आणि ती कित्येक आठवडे दबलेली राहू शकते. घरी आलेला माणूस बोलतो, चहा मागतो, मोबाईल बघतो, पण त्याचे पहारेकरी अजून थकलेले असतात. न्यूमोनिया, लघवीच्या नळीचं इन्फेक्शन, पाठीवरची जखम चिघळणं, हे या काळात होतं. दर दोन तासांनी कूस बदलणं, डोक्याकडची बाजू उचलून ठेवणं, दात घासून देणं यासाठी सिस्टर हट्ट धरतात तो म्हणूनच. आयसीयूतला सुरुवातीचा ताप डॉक्टरांनी तपासून जखमेचा ठरवला होता. घरी आल्यावर येणाऱ्या तापाला आपण स्वतः तसं ठरवायचं नाही.

याच काळात स्नायू झपाट्याने झिजतात. नुसत्या पेजेवर आणि साबुदाण्याच्या खिरीवर ते भरून येत नाहीत. डाळ, अंडी, पनीर, मासे, जे घरात चालतं ते द्या. किडनीचा त्रास असेल तर प्रमाण आहारतज्ज्ञांना विचारून.

अपघातात पांथरी काढावी लागली असेल तर ते आम्हाला पहिल्याच दिवशी सांगा. पांथरी नसलेल्या माणसात न्यूमोकोकससारखे काही जंतू काही तासांत जिवावर बेततील इतके पसरू शकतात, आणि हा धोका जन्मभर राहतो. लशी कुठल्या घेतल्या, कधी घेतल्या याची चिठ्ठी पाकिटात असू द्या. ताप आला तर सकाळची वाट बघू नका.

नवी किडनी, नवं यकृत

दुसऱ्याची कातडी आपल्या अंगावर का टिकत नाही, हा प्रश्न भाजलेल्या माणसांमुळेच पुढे आला. दुसऱ्या महायुद्धात ग्लासगोमध्ये पीटर मेडावर आणि थॉमस गिब्सन यांनी एका भाजलेल्या बाईला तिच्या भावाची त्वचा लावली. ती गळून पडली. पुन्हा त्याच भावाची लावली, तर आधीपेक्षा लवकर गळली. म्हणजे शरीराने ओळख लक्षात ठेवली होती. १९४३ मध्ये त्यांनी हे मांडलं. १९५४ मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी केलेलं किडनी प्रत्यारोपण टिकलं, कारण देणारा आणि घेणारा हुबेहूब जुळे भाऊ होते. ओळखायला परकं काही नव्हतंच.

आपल्या रुग्णाच्या बाबतीत परकेपणा असतो आणि आणखी एक गोष्ट असते. नवा अवयव स्वतःही जखमी असतो. तो काढला जातो, बर्फात थंड ठेवून आणला जातो, आणि पुन्हा गरम रक्त आत आलं की त्या क्षणी त्याच्या पेशींना मार बसतो. अवयव मेंदूमृत दात्याचा असेल, बऱ्याचदा तोही रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार लागलेला असतो, तर दाह त्याच्या शरीरातच सुरू झालेला असतो. वर सांगितलेले सांडलेल्या पेशींचे धोक्याचे निरोप इथेही सुटतात आणि पहारेकऱ्यांचं लक्ष नेमकं परक्या अवयवाकडे वेधतात. म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात, आणि सुरुवातीच्या महिन्यांत त्यांचा डोस मोठा असतो, त्याचं हे एक कारण.

(पुणे विभागात असा अवयव कोणाला मिळायचा हे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीप्रमाणे ठरतं. तुमच्या घरच्या आनंदामागे याच परिसरातल्या एखाद्या घराने दुःखाच्या तासात दिलेला होकार असू शकतो. आमच्या मुलींना आम्ही हे मुद्दाम सांगतो.)

त्यातलंच टॅक्रोलिमस हे औषध १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबा इथल्या मातीतल्या जिवाणूत सापडलं. ते टी-पेशींना, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, हल्ल्याचा हुकूम मिळू देत नाही. कमी पडलं तर रिजेक्शन, म्हणजे शरीर नवा अवयव नाकारतं, जास्त झालं तर किडनीलाच इजा आणि हात थरथरणं. यातली जागा अरुंद आहे, म्हणून वेळ पाळायची. आधीच्या डोसनंतर बारा तासांनी आणि सकाळची गोळी घेण्याआधी लेव्हलसाठी, म्हणजे रक्तात औषध किती आहे हे मोजायला, रक्त द्यायचं. एकदा आमच्याच सिस्टरने लॅबचा माणूस यायच्या आधी गोळी दिली. रिपोर्ट खूप वर आला. डॉक्टरांनी डोस कमी करण्याआधी वेळ विचारली म्हणून निभावलं. तेव्हापासून लेव्हलच्या दिवशी गोळ्यांच्या डबीला आम्ही लाल पट्टी लावतो. रक्त दिल्याशिवाय ती काढू नका, रुग्णाने मागितलं तरी.

ही औषधं, विशेषतः स्टेरॉइड, तापही दाबतात. दुसऱ्या कोणाला १०२ आला असता तिथे यांना ९९.८ येतो. जखम लाल होत नाही, पोट दुखत नाही. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. रिजेक्शनही पुष्कळदा गुपचूप येतं. लघवी कमी होते, वजन दोन दिवसांत वाढतं, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) चढतं, आणि माणूस म्हणतो मला काही होत नाहीये.

मेडिकलमधून परस्पर काही आणू नका. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल यांनी टॅक्रोलिमस वाढतं. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिटचं फेनिटोइन यांनी ते घटतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किडनीला मारतात. जुलाब झाले तरी लेव्हल वर जाते, तेही कळवा. पपनस टाळा. गुळवेल, अश्वगंधा आणि 'इम्युनिटी' वाढवणारे काढे तर नकोच. घरातल्या आजींनी मायेने उकळून आणलेला काढा नको म्हणणं जड जातं, हे आम्हाला कळतं. पण जी शक्ती डॉक्टर मोजूनमापून दाबतायत तीच आपण चेतवायची, असं होतं ते. आजींना सांगायचं काम आमच्यावर सोडा. आम्ही नीट समजावतो.

घरात बघायचं ते थोडंच. डक्टमध्ये आणि बाल्कनीत कबुतरं असतील तर जाळी लावून घ्या. त्यांच्या विष्ठेतल्या क्रिप्टोकॉकस बुरशीने अशा रुग्णांत मेंदूज्वर होऊ शकतो. साफसफाई रुग्णाने करायची नाही. शेजारी बांधकाम चालू असेल तर त्या बाजूची खिडकी बंद. पाणी उकळूनच. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड परिसरात जीबीएसचे (हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा दूषित पाण्यातल्या जंतूंचं नाव पुढे आलं होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

फोन करताना

क्रोसिन देण्याआधी थर्मामीटर लावा आणि आकडा वेळेसह लिहा, कारण गोळीनंतरचा आकडा डॉक्टरांच्या उपयोगाचा नसतो. मग ताप, नाडी, मिनिटाला किती श्वास, आणि कालपासूनची लघवी, एवढं वाचून दाखवा. प्रत्यारोपणाच्या रुग्णाला ९९.५ च्या वर गेलं की आधी हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटरना फोन करा, नंतर आम्हाला. धाप लागत असेल, बोलणं असंबद्ध होत असेल किंवा हातपाय गार पडत असतील तर आम्हालाही नको, थेट १०८. डोस आमची सिस्टर बदलणार नाही, तुम्हीही बदलू नका. रात्री अडीच वाजता उगाच फोन केला असं वाटलं तरी करा. रात्रपाळीला आमच्याकडे फोनजवळ कोणीतरी जागं असतं.