सजीवांमधील मूलभूत समानता

जीवाणू, बुरशी, वनस्पती आणि प्राणी दिसायला कितीही वेगळे असले, तरी त्यांच्या पेशींचे मूळ कामकाज एकाच पद्धतीने चालते. हे साम्य बारीकसारीक तपशिलांपर्यंत जाते. त्यामुळे ते योगायोगाचे मानणे कठीण असून, सर्व ज्ञात सजीव एकाच पूर्वजापासून उत्क्रांत झाल्याचा तो भक्कम पुरावा ठरतो.

शरीर पेशींचे बनलेले असते, हे वनस्पतींबाबत श्लायडेन या शास्त्रज्ञांनी १८३८ मध्ये आणि प्राण्यांबाबत थिओडोर श्वान या शास्त्रज्ञांनी १८३९ मध्ये मांडले. नवी पेशी कशी तयार होते याविषयीची त्यांची कल्पना मात्र चुकीची होती. पेशी आधीच्या पेशीच्या विभाजनातूनच येते, हे तत्त्व फिरखो यांच्या नावावर रूढ झाले. रेमाक यांनी ते त्यांच्या आधीच सांगितले होते, पण श्रेय त्यांच्या वाट्याला फारसे आले नाही.

सर्वांत थक्क करणारे साम्य जनुकीय संकेतात आहे. डीएनएतील माहिती आरएनए या तशाच रेणूवर उतरते आणि रायबोसोम हे पेशीतील सूक्ष्म कण ती तीन-तीन घटकांच्या गटांत वाचून प्रथिन तयार करतात. आरएनएतील घटक चार प्रकारचे असल्याने गट ६४ होतात. त्यांपैकी ६१ गट प्रथिने ज्यांपासून बनतात ती २० अमिनो आम्ले दर्शवतात, तर उरलेले ३ प्रथिन पूर्ण झाल्याची खूण असतात. १९६१ मध्ये निरेनबर्ग आणि माथेई यांनी यातला पहिला गट उलगडला; पुढील कामात हरगोविंद खोराना यांचा मोठा वाटा होता. संकेत सामाईक असल्यामुळेच १९७८ मध्ये माणसाचे इन्सुलिन जीवाणूंकडून बनवून घेता आले. तंतुकणिका (पेशीतील ऊर्जा तयार करणारे भाग) आणि काही सूक्ष्मजीव यांत काही मोजक्या गटांचा अर्थ बदलतो, पण बाकीचा संकेत तोच राहतो.

ऊर्जेचा व्यवहारही सर्वत्र एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूमार्फत होतो. बहुतेक सजीव पेशीतील पातळ पटलाच्या दोन बाजूंच्या प्रोटॉनांच्या (धनभारित हायड्रोजन कणांच्या) प्रमाणातील फरक वापरून तो तयार करतात. हा विचार जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडला तेव्हा त्याला बराच विरोध झाला. १९७८ मध्ये त्यासाठीच त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. चयापचय, अंतर्गत स्थितीचे नियमन, पुनरुत्पादन आणि नैसर्गिक निवडीतून होणारी उत्क्रांती हीदेखील सजीवांची सामाईक लक्षणे होत.

विषाणू या चौकटीत नीट बसत नाहीत. त्यांच्यात जनुकीय द्रव्य असते, पण स्वतःचे रायबोसोम नसतात. त्यांची प्रथिने ते ज्या पेशीत शिरतात तीच बनवते, आणि तिला ते जमते कारण विषाणूची जनुके तिच्याच संकेतात लिहिलेली असतात.