टांकसाळीतील चूक व नाण्यातील फेरफार

नाणे पाडताना यंत्र, ठसा किंवा धातूची चकती यांतील दोषामुळे त्याच्यात जे वेगळेपण येते, त्याला टांकसाळीतील चूक म्हणतात. नाणे टांकसाळीबाहेर पडल्यावर त्याला जे काही होते, म्हणजे झीज, ठोके, आम्ल, आच, कानस किंवा मुलामा, ते नुकसान. आणि हेच मुद्दाम केलेले असले तर फेरफार. व्याख्या सोपी असली तरी सुट्ट्या पैशांत हाती आलेले एखादे चमत्कारिक नाणे यांपैकी नेमके काय आहे हे ठरवताना भल्याभल्यांची फसगत होते. चमत्कारिक दिसणारी बहुतेक नाणी नुसती खराब झालेली असतात. म्हणून ‘हे किती दुर्मिळ आहे?’ हा प्रश्न मागाहून यावा. आधी विचारायचे ते असे : नाणे घडण्याच्या कोणत्या टप्प्यावर हे होऊ शकले असते? असा टप्पा दाखवता आला नाही, तर ती टांकसाळीची चूक नव्हे.

नाणे कसे पडते : धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या छेदून काढतात. त्या तापवून मऊ करतात, मग त्यांची कड दाबून थोडी उचलून घेतात. अशी चकती दोन ठशांच्या मध्ये, भोवतीच्या पोलादी कड्यात (कॉलरमध्ये) बसते आणि एका दाबात दोन्ही बाजू उमटतात. ठशावर जे खोल असते ते नाण्यावर उठून दिसते, आणि ठशावर जे उंच असते ते नाण्यावर खोल जाते. या उलटापालटीवर पुढची जवळजवळ सगळी पारख उभी आहे.

ठशाला तडा गेला की त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर वेडीवाकडी, पण उठावाची रेघ येते. ओरखडा मात्र खोल असतो आणि त्याच्या काठांवर ढकललेला धातू भिंगातून दिसतो. ठशाच्या कडेचा तुकडाच पडला, तर त्या जागी नाण्यावर नक्षी नसलेला उंचवटा तयार होतो. धातू त्या पोकळीत ओढला गेल्यामुळे नाण्याच्या दुसऱ्या बाजूला नेमक्या त्याच ठिकाणी अक्षरे फिकी पडतात. दोन्ही बाजूंचा हा मेळ बनावट करणाऱ्याला सहसा साधत नाही. ठशाच्या खोबणीत वंगण आणि धूळ साचली तर एखादे अक्षर किंवा सालाचा आकडा गायब होतो. पण तिथला पृष्ठभाग आसपासच्या भागासारखाच राहतो आणि अक्षर हळूहळू विरत गेलेले दिसते. घासून काढलेल्या आकड्याच्या जागी बारीक रेघोट्या, वेगळी चकाकी आणि किंचित खळगा सापडतो.

दुहेरी अक्षरे : सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. पूर्वी ठसा तयार करताना मातृठसा (ज्यावरून ठसे उठवतात तो मूळ नमुना) त्याच्यावर एकाहून अधिक वेळा दाबावा लागे. दोन दाबांच्या मध्ये तो जरा फिरला, तर ठशावरच दोन प्रतिमा बसत आणि त्या ठशातून पडणाऱ्या प्रत्येक नाण्यावर त्या तशाच येत. अमेरिकेचा १९५५ चा एक सेंट हे याचे गाजलेले उदाहरण. त्यावरचे साल आणि अक्षरे साध्या डोळ्यांना दोन-दोन दिसतात, आणि अशी वीस हजारांहून अधिक नाणी चलनात गेली असे मानले जाते. अशा खऱ्या दुहेरीपणात दोन्ही प्रतिमा भरीव व गोलसर असतात आणि अक्षरांच्या टोकांशी खाच दिसते.

याउलट, ठसा सैल असल्याने दाबानंतर तो किंचित हलला, तर नुकतेच उमटलेले अक्षर बाजूला रेटले जाते. मग अक्षराशेजारी सपाट पायरी दिसते आणि मूळ अक्षर तेवढेच बारीक होते. हेही टांकसाळीतच घडते हे खरे, तरी जाणकार संग्राहक त्याला ‘टांकसाळीतील चूक’ हा मान देत नाहीत, आणि ते योग्यच आहे : ठसा निर्दोष असतो, बिघाड फक्त त्या एका दाबापुरता असतो आणि असली नाणी उदंड सापडतात. नवख्या माणसाची निराशा सर्वाधिक इथेच होते, म्हणून हा फरक आधी शिकून घ्यावा.

कड तुटलेले नाणे : पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर छेदणारे पाते आधीच्या भोकावर येते आणि चकतीला चंद्रकोरीसारखी खोट (तुटका भाग) पडते. अशा चकतीवर ठसा उमटताना धातू खोटेच्या दिशेने ओघळतो, त्यामुळे जवळची अक्षरे ताणलेली व पसरट दिसतात. कड उचलणारे यंत्र चकतीला समोरासमोरून दाबते. खोटेच्या जागी दाबायला काही नसल्याने तिच्या बरोबर विरुद्ध बाजूची कडही अशक्त राहते. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. तो प्रत्येक नाण्यावर दिसतोच असे नाही, पण दिसला तर मोठा पुरावा असतो. कात्रीने किंवा कानशीने केलेल्या खोटेत अक्षरे मध्येच सरळ कापली जातात आणि समोरची कड शाबूत असते.

उलटी, खोल प्रतिमा : पडलेले नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढची चकती त्याच्यावर दाबली जाते. तिच्या एका बाजूला नेहमीची उठावाची नक्षी येते, तर दुसऱ्या बाजूला तीच नक्षी आरशातल्यासारखी उलटी आणि खोल. नक्कल करणारे दोन नाणी शेगड्यात (व्हाइसमध्ये) घालून आवळतात. उलटी अक्षरे त्यानेही उमटतात, पण खाली मूळ नक्षीचे अवशेष राहतात आणि विरुद्ध बाजूचा उठाव चेपलेला असतो.

वजन आणि चुंबक : भिंगाइतकाच तराजू महत्त्वाचा, तो ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा असावा. आम्लात बुडवलेले नाणे सगळीकडून सारखेच पातळ आणि अस्पष्ट होते, वजनही घटते. उलट, पातळ चकतीवर पडलेल्या खऱ्या नाण्यावरील ठळक भाग बऱ्यापैकी रेखीव असू शकतात. नुसता रंग बदललेला असेल तर आच, रसायन किंवा मुलामा यांचाच संशय आधी घ्यावा. दुसऱ्या धातूच्या चकतीवर चुकून पडलेल्या नाण्याचे वजन सहसा त्या दुसऱ्या नाण्याच्या वजनाशी जुळते.

अमेरिकेचा १९४३ चा तांब्याचा सेंट यावरच पारखला जातो. युद्धामुळे तांबे वाचवायचे म्हणून त्या वर्षी सेंट जस्ताचा थर दिलेल्या पोलादाचे, सुमारे २.७० ग्रॅमचे पाडले. मागे राहिलेल्या कांस्याच्या काही चकत्या मात्र यंत्रात गेल्या. त्यांचे वजन ३.११ ग्रॅम. अशी मोजकीच नाणी माहीत आहेत, पण नकली असंख्य. पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा दिला असेल तर चुंबक ते लगेच ओढतो. दुसरी युक्ती अधिक कावेबाज : १९४८ च्या सेंटमधल्या आठचा डावा भाग कोरून त्याचा तीन करणे. तिथे वजन बरोबर येते आणि चुंबकही गप्प राहतो. पण खऱ्या १९४३ मधल्या तीनची शेपटी इतर आकड्यांच्या खाली उतरते. आठातून केलेला तीन आखूडच राहतो.

दोन्हीकडे छापा : दोन्ही बाजूंना छापा असलेले नाणे जवळजवळ नेहमी जादूच्या प्रयोगासाठी बनवलेले असते. एक नाणे आतून पोखरून त्यात दुसरे तासून बसवतात. सांधा कडेच्या आतल्या अंगाला सापडतो आणि नाणे वाजवले तर आवाज बद्द येतो. जुळत नसलेल्या ठशांची खरी जोडीही कधी लागते. २००८ मध्ये ब्रिटनच्या २० पेन्सची रचना बदलून साल मागच्या बाजूवरून पुढे आणले गेले, तेव्हा जुना पुढचा ठसा नव्या मागच्या ठशाबरोबर वापरला गेला आणि बिनसालाची नाणी चलनात आली. टांकसाळीच्या अंदाजाने ती ५०,००० ते २,००,००० असावीत.

तीन पायांचा गवा : १९३७ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हरच्या टांकसाळीत, गव्याचे चित्र असलेल्या पाच सेंटच्या नाण्याचा एक ठसा घासून साफ करताना इतका घासला गेला, की गव्याचा पुढचा एक पाय नाहीसा झाला. चार पायांच्या नाण्यावरचा पाय खरवडून त्याची नक्कल करणे अवघड नाही, आणि ती भरपूर झाली आहे. म्हणून पारखी माणूस गेलेल्या पायाकडे पाहतच नाही. त्याची नजर पोटाखाली जाते, जिथे खऱ्या नाण्यावर पोटापासून जमिनीपर्यंत बारीक उठावाच्या ठिपक्यांची ओळ उतरते. ठशावरचे खड्डे नाण्यावर असे उठून आले आहेत. खरवडणारा पाय काढू शकतो. हे ठिपके त्याला सहजी उभे करता येत नाहीत.