सैन्याचा पगार आणि रोमची सत्ता

रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाची चर्चा बहुतेक वेळा रानटी टोळ्यांपासून सुरू होते. ती टांकसाळीपासून सुरू व्हायला हवी.

पहिला रोमन सम्राट ऑगस्टसने सैन्याच्या जोरावर सत्ता मिळवली, पण वारसा कोणाकडे जावा याचा नियम घालून दिला नाही. राजेपण उघड मान्यच नसल्याने तसा नियम करणे अवघडच होते. त्यामुळे गादीवर येणाऱ्याला आधी सैनिक राजी ठेवावे लागत. इ.स. 193 साली प्रेटोरियन रक्षकांनी, म्हणजे सम्राटाच्याच अंगरक्षकांनी, सम्राट पेर्टिनॅक्सला मारून सम्राटपद चक्क लिलावात काढले. डिडियस ज्युलियानसने माणशी 25,000 सेस्टर्स (चार सेस्टर्सचा एक देनारियस, म्हणजे चांदीचे नाणे) कबूल केले आणि जेमतेम नऊ आठवडे राज्य केले.

ऑगस्टसच्या काळी साध्या शिपायाला वर्षाला 225 देनारियस मिळत. पुढे सम्राट डोमिशियनने ते 300 केले. नंतर सेप्टिमियस सेव्हेरस आणि काराकाला या सम्राट बापलेकांनी पगार आणखी वाढवले. चांदी मात्र त्या प्रमाणात वाढत नव्हती. त्याआधीच सम्राट नीरोने 64 साली एका रोमन पौंडातून 84 ऐवजी 96 नाणी पाडायला सुरुवात केलीच होती; सेव्हेरसच्या नाण्यात चांदी निम्म्यावर आली. काराकालाने 215 मध्ये दोन देनारियस किमतीचे म्हणून नवे नाणे काढले, त्यात चांदी होती सुमारे दीड देनारियसची. 270 च्या सुमारास तर या नाण्यात चांदी 5 टक्क्यांच्याही खाली गेली होती. भेसळ लपवण्याची युक्ती कसबी होती: तांबे-चांदीची चकती तापवायची, वर आलेले तांबे आम्लाने काढून टाकायचे, मग ठसा मारायचा. नाणे नवे असेपर्यंत पांढरे दिसे, वापरात झिजले की तांबडे पडे.

लोक खुळे नव्हते. जुनी चांगली नाणी त्यांनी दडवून ठेवली आणि कर हिणकस नाण्यांत भरला. म्हणजे सरकारने बाजारात सोडलेला कचरा सरकारच्याच तिजोरीत परत आला. मग धान्य आणि कपडे थेट वसूल करण्याची पाळी आली. 235 ते 284 या काळात वीसहून अधिक सम्राट झाले. प्रत्येकाने गादीवर येताना सैन्याला बक्षिसी वाटली, म्हणजे पुन्हा टांकसाळीवरच भार. सम्राट डायोक्लेशियनने 301 मध्ये हजाराहून अधिक वस्तूंचे कमाल भाव ठरवून दिले आणि ते मोडणाऱ्याला देहदंड सांगितला. माल बाजारातून गायब झाला. हुकमाने भाव बांधता येतात, पण नाण्यात चांदी येत नाही.

त्याच्यानंतरच्या कॉन्स्टंटाइन सम्राटाने पौंडाला 72 या हिशेबाने साडेचार ग्रॅमचा सोन्याचा सॉलिडस काढला. साम्राज्याच्या पूर्वेकडील अर्ध्या भागात तो अकराव्या शतकापर्यंत टिकला. पश्चिमेकडील अर्ध्याचे दुखणे वेगळे होते: नाणे चोख, पण उत्पन्न देणारे प्रांतच हातचे जात होते. 439 मध्ये व्हँडल टोळ्यांनी उत्तर आफ्रिकेतले कार्थेज शहर घेतले आणि आफ्रिकेचा श्रीमंत महसूल गेला. पाचच वर्षांनी पश्चिमेचा सम्राट व्हॅलेंटिनियन तिसऱ्याने विक्रीवर चोविसाव्या हिश्शाचा नवा कर बसवला. जुन्या फौजेला आणि नव्या भरतीलाही पुरेसे अन्नवस्त्र देता येत नाही, असे कारण त्याने त्या कायद्यातच लिहून ठेवले आहे.