डल्सिमर उलटा धरला तर

आईला व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा डल्सिमर दाखवला तेव्हा ती आधी काय म्हणाली तर, "अगं, उलटं धरलंयस की ते!" तिनं जन्मात डल्सिमर पाहिला नव्हता, पण कात्री, बॅट, सुई, मी जे काही हातात घेतलं ते उलटंच घेतलं, त्यामुळे तिचा अंदाज सहसा चुकत नाही. आणि ह्यावेळी तर मी तो खरंच मुद्दाम उलटा धरला होता.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहतो, अॅपलाचियन डोंगर इथून जवळ, आणि माऊंटन डल्सिमर हे ह्याच डोंगरातलं वाद्य. डल्सिमर म्हटलं की काही जणांना काड्यांनी वाजवायचं ते संतूरसारखं वाद्य आठवेल, तो हॅमर्ड डल्सिमर, त्याचा ह्याच्याशी नावापलीकडे फार संबंध नाही. हा म्हणजे एक लांबट, निमुळती, कमरेत बारीक झालेली लाकडी पेटी, तिच्यावर मधोमध उभी पट्टी, पट्टीवर पडदे (गिटारवरच्या फ्रेट्ससारखे) आणि तीन किंवा चार तारा. मांडीवर आडवा ठेवायचा आणि वाजवायचा. जर्मनीहून आलेल्या लोकांनी शाइटहोल्ट नावाचं असंच एक वाद्य अमेरिकेत आणलं होतं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ह्या डोंगरात वसलेल्या स्कॉट-आयरिश लोकांच्या हातात त्याचा डल्सिमर झाला असं साधारण मानतात. पुढची बरीच वर्षं तो डोंगरातच राहिला. केंटकीतल्या व्हायपर गावची जीन रिची, 1922 सालचा जन्म, चौदा भावंडांत सगळ्यात धाकटी, ती न्यूयॉर्कला गेली आणि 1950च्या दशकात तिच्यामुळे शहरातल्या लोकांना हे वाद्य कळलं.

आपल्या लोकांना हे वाद्य पटकन आवडतं कारण त्यात तंबोरा आहे. म्हणजे अक्षरशः. अंगाजवळच्या तारेवर (बऱ्याचदा ती जोडतार असते) गाण्याची चाल वाजते आणि बाकीच्या दोन तारा नुसत्या झंकारत राहतात. सध्या सगळ्यात जास्त चालणारं ट्यूनिंग म्हणजे डी-ए-डी, आपल्या भाषेत खालचा सा, प आणि वरचा सा. पडदे बारा सुरांचे नसतात, हार्मोनियमच्या पांढऱ्या पट्ट्यांपुरतेच असतात असं समजा. ह्या ट्यूनिंगमध्ये मोकळ्या तारेपासून एकेका पडद्यावर बोट सरकवत गेलं की सा रे ग म प ध येतात आणि सहाव्या पडद्यावर येतो कोमल नी. मी एवढं वाजवून दाखवल्यावर आई म्हणाली, "हा तर खमाज झाला". बरोबरच आहे, ज्याला इकडे मिक्सोलिडियन म्हणतात तोच आपला खमाज थाट. गंमत म्हणजे हल्लीच्या डल्सिमरवर सहाव्या आणि सातव्या पडद्याच्या मधे एक जादा पडदा ठोकलेला असतो, त्याला साडेसहावा पडदा असंच म्हणतात, आणि तिथे शुद्ध नी मिळतो. चढताना शुद्ध, उतरताना कोमल, खमाज राग वाजवायला दोन्ही नी एका तारेवर हजर.

पण मुद्दा खमाजचा नाही, हाताचा आहे.

नेहमीच्या पद्धतीत खुंट्या डावीकडे असतात, डावा हात पडदे दाबतो, उजवा हात पिकनं (पूर्वी पक्ष्याच्या पिसाच्या देठानं) तारा छेडतो. मग डावखुऱ्या माणसानं काय करायचं? एक गट म्हणतो आहे तसंच शीक, पडदे दाबायचं नाजूक काम डाव्या हाताचं आहे, उलट तुझा फायदाच आहे. दुसरा गट म्हणतो वाद्य फिरव. सुरुवातीला मला पहिलं म्हणणं एकदम पटलं होतं, ऐकायला तर्कशुद्ध वाटतं ना!

ते किती खरं हे बघायला आधी डावखुरं म्हणजे काय ते बघावं लागेल, आणि ते आपल्याला वाटतं तितकं सरळ नाही. जगात साधारण दहातला एक जण डावखुरा असतो, पण हे हो किंवा नाही असं नसतं. 1971 साली ओल्डफिल्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञानं एक प्रश्नावली बनवली, एडिंबरा प्रश्नावली म्हणून ती आजही वापरतात, त्यात लिहिणं, चेंडू फेकणं, कात्री, टूथब्रश, काडी ओढणं असं एकेक विचारतात, अगदी झाडताना लांब दांड्याच्या झाडूवर वरचा हात कुठला हेसुद्धा. माझं उत्तर खिचडी येतं. लिहिते, चित्र काढते, फेकते डाव्यानं, पण जेवते उजव्यानं, कारण आजीनं ताटावरच हातावर चापटी मारून ते बदललं, आणि प्रसाद घेताना तर अजूनही उजवा हात आपोआप पुढे येतो. आजीला वाटायचं की सवय बदलली की माणूस बदलला, पण मेंदू तसा ऐकत नाही. लहानपणी सक्तीनं उजव्या हातावर आणलेल्या डावखुऱ्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन (मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते दाखवणारी तपासणी) घेऊन 2002 मध्ये एक अभ्यास झाला, तर त्यात मोठेपणी उजव्या हातानं लिहितानासुद्धा त्यांचा उजवा मेंदू, म्हणजे जो मुळात डावा हात चालवतो तो, बराच कामात असलेला दिसला. हात बदलला तरी आत जुनी वायरिंग अजून चालूच.

आता दोन हातांची वाटणी. इव्ह गिआर नावाच्या फ्रेंच संशोधकानं 1987 मध्ये ह्यावर फार सुंदर लिहून ठेवलंय. त्याचं म्हणणं असं की दोन हात म्हणजे एक हुशार आणि एक मठ्ठ असं नसतं, ते एकापाठोपाठ काम करणारे दोन कामगार असतात. आधी दुय्यम हात जागा ठरवतो, मग मुख्य हात त्या जागेत बारीक, वेगाचं काम करतो. कांदा चिरताना बघा, सुरीचा हात जवळजवळ एकाच जागी वरखाली होत असतो आणि दुसरा हात कांदा धरून मागेमागे सरकत त्याला नवीन जागा देत असतो. गिआरनं लोकांना पानभर मजकूर लिहायला लावला आणि कागदाखाली कार्बन ठेवला, तर वर पान पूर्ण भरलेलं पण खालच्या टेबलावर ठसा उमटला तो छोट्याशा पट्ट्यात, ओळीवर ओळ चढलेली. म्हणजे लिहिणारा हात फार हलतच नव्हता, दुसरा हात नकळत कागद वर ढकलत होता.

हे वाचलं आणि मला डल्सिमर दिसला. पडदा दाबणारा हात म्हणजे कांदा धरणारा हात. तो आधी जाऊन बसतो, तार किती लांबीची हे ठरवतो, आणि मग दुसरा हात नेमक्या क्षणी छेडतो. सूर पडद्याला बांधलेला आहे, बोट पडद्याच्या मागे दोनचार मिलिमीटर इकडेतिकडे पडलं तरी सूर तोच येतो. छेडणाऱ्या हाताला अशी कुठलीच सवलत नाही, पन्नास मिलिसेकंद उशीर झाला तरी ताल लंगडतो आणि ऐकणाऱ्याला ते कळतं. आणि नुसतं बोट टेबलावर आपटत राहण्याच्या प्रयोगांत मुख्य हात जास्त वेगानं आणि जास्त एकसारखा आपटतो हे पुन्हापुन्हा दिसलेलं आहे.

त्यात डल्सिमरची जुनी पद्धत म्हणजे तर कहरच, पडदे बोटांनी दाबायचेसुद्धा नाहीत, एक छोटी लाकडी किंवा बांबूची काडी (नोटर म्हणतात) पहिल्या तारेवर दाबून पुढेमागे सरकवायची, बस्. सगळी करामत दुसऱ्या हातात, तो "बम-डिट्टी बम-डिट्टी" असा सतत आत-बाहेर चालू. अशा वाद्यात डाव्या हाताला काडी सरकवायला बसवणं म्हणजे घरातल्या चांगल्या स्वयंपाक्याला पाणी वाढायला लावण्यासारखं आहे.

पहिल्या गटाच्या बाजूनं मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. 1995 मध्ये एल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी व्हायोलिन वगैरे तंतुवाद्यं वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांसाठी राखलेली जागा मोजली, ती इतरांपेक्षा मोठी निघाली, आणि जितक्या लहानपणी शिकायला सुरुवात केलेली तितका फरक जास्त. उजव्या हाताच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही. म्हणजे दुय्यम हातसुद्धा सरावानं जबरदस्त तयार होतो, ह्यात शंका नाही. पण मला विचाराल तर हा पुरावा दोन्हीकडे चालतो. उजवे लोक आपला डावा हात एवढा तयार करू शकतात, तर मी माझा उजवा का नाही?

शेवटी वाद घालण्यापेक्षा एक आठवडा सुलटा, एक आठवडा उलटा असं करून पाहिलं. सुलटा धरल्यावर बोटं छान पडत होती पण मेट्रोनोमबरोबर चौथ्या-पाचव्या आवर्तनाला "डिट्टी" सांडायची. उलटा धरल्यावर बोटं अडखळत होती, पण ताल सुटत नव्हता. अडखळणाऱ्या बोटांसाठी थांबता येतं, सांडलेल्या तालाला काय करणार!

आणि डल्सिमर फिरवणं गिटारपेक्षा खूप सोपं, कारण तो डावीउजवीकडून बहुतेक एकसारखाच असतो. पण नुसता फिरवून चालत नाही. फिरवला की चालीची तार अंगापासून लांब जाते आणि जाड तार जवळ येते. एलिझाबेथ कॉटन नावाची नॉर्थ कॅरोलायनाचीच डावखुरी गिटारवादक होती, तिनं तारा न बदलता गिटार तशीच उलटी वाजवली, खर्जाच्या तारा बोटांनी आणि चाल अंगठ्यानं, आणि त्यातून तिची स्वतःची शैली तयार झाली. ती ती होती. मी तारा बदलायचं ठरवलं.

इथे भौतिकशास्त्र आडवं आलं. तारा जिथून खुंट्यांकडे जातात तिथे खाचा असलेली एक छोटी पट्टी असते, नट. खर्जाची तार साधारण अर्धा मिलिमीटर जाड आणि चालीची त्याच्या जेमतेम निम्मी, खाचा त्या-त्या मापाच्या. मी तारांची अदलाबदल केली आणि पहिल्याच छेडीला झ्झ्झ्झ. बारीक तार रुंद खाचेत थरथरत होती, तंबोऱ्याची जवारी बिघडल्यावर येतो तसला आवाज, आणि जाड तार अरुंद खाचेत शिरतच नव्हती, वरच बसलेली, त्यामुळे पहिला पडदा दाबायला दुप्पट जोर. शेवटी हाडाची नवीन पट्टी आणून खाचा घासून काढल्या, त्यातली पहिली पट्टी जास्त खोल घासल्यामुळे वाया गेली.

दुसऱ्या टोकाला घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. तार पडद्यावर दाबली की ती किंचित ताणली जाते आणि सूर थोडा चढतो, आणि जाड तारेचा जास्त चढतो. म्हणून बऱ्याच डल्सिमरवर घोडी जराशी तिरपी असते, जाड तारेला एक-दोन मिलिमीटर जास्त लांबी मिळावी म्हणून. तारा बदलल्या आणि घोडी तशीच राहिली तर भरपाई चुकीच्या तारेला जाते, मोकळ्या तारा सुरात आणि वरच्या पडद्यांवर सगळं कणसूर. माझी घोडी चिकटवलेली नव्हती, तारांच्या दाबावर उभी होती, उचलून उलटी तिरपी ठेवली की काम झालं.

ज्याचा मी विचारच केला नव्हता ती अडचण वेगळीच निघाली. मी शाळेत असताना पाच वर्षं पेटी शिकले. पेटीवर सूर चढतात ते डावीकडून उजवीकडे. सुलट्या डल्सिमरवरही तसंच. माझ्या उलट्या डल्सिमरवर मात्र खुंट्या उजवीकडे, त्यामुळे सा रे ग म उजवीकडून डावीकडे चढतात! उंच सूर म्हणजे उजवीकडे ही नुसती सवय नाही, 2006 मध्ये रुस्कोनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की संगीत शिकलेले लोक उंच स्वराला उजवीकडचं बटण पटकन दाबतात आणि खालच्याला डावीकडचं, सूर उंच की खालचा असा प्रश्न विचारलेला नसतानासुद्धा. माझा हात कितीतरी दिवस ग वरून म कडे जायच्या ऐवजी रे कडे पळत होता. त्यात पडदे लांबलांब. सत्तावीस इंची तारेवर पहिला पडदा जवळजवळ तीन इंचांवर येतो, दुसरा आणखी अडीच-पावणेतीन इंचांवर, मग ग आणि म मधला अर्धा स्वर एकदम सव्वा इंचात. चुकीच्या दिशेला गेलेलं बोट लांबवर जाऊन चुकतं.

एक फायदा मात्र फुकट मिळाला. शिकवणारे समोर बसतात, त्यांचा डल्सिमर सुलटा, माझा उलटा, म्हणजे मला सगळं आरशात बघितल्यासारखं दिसतं. त्यांचा हात माझ्या डावीकडे सरकला की माझाही डावीकडे. बाकीचे विद्यार्थी मनातल्या मनात उलटं करत बसतात.

शेजारच्या आजोबांकडे त्यांच्या घराण्यातला एक जुना डल्सिमर आहे, तो त्यांनी मला दोन महिने वापरायला दिला. त्याचे पडदे म्हणजे तारेचे वाकवलेले छोटे आकडे, स्टेपलरच्या पिनेसारखे, आणि ते पट्टीच्या पूर्ण रुंदीवर नाहीत, फक्त अंगाजवळच्या जोडतारेखाली. बाकीच्या तारांना पडद्यांची गरजच नव्हती, त्या तंबोऱ्यासारख्या. हा डल्सिमर फिरवला तर पडदे पलीकडच्या कडेला जातात आणि काडी तिथे सरकवायला काठाचा आधार उरत नाही. म्हणून तो मी सुलटाच वाजवते, डाव्या हातात काडी, उजव्यात पिक, आणि तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला माझी "डिट्टी" सांडते, तेव्हा आजोबा पायानं ताल धरतात आणि मला परत जागेवर आणतात.