वृद्धाश्रम पारखताना: कुटुंबांसाठी माहितीपत्रक

कोल्हापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतले वृद्धाश्रम, ज्येष्ठ निवास आणि काळजी केंद्रं कुटुंबाच्या वतीने आतून तपासायची आणि लेखी अहवाल द्यायचा, एवढंच आमचं काम. कोणत्याही आश्रमाकडून आम्ही कमिशन घेत नाही, त्यामुळे कुठे जागा मिळवून देणं आमच्याकडून होत नाही. आम्ही काय बघतो ते इथे लिहिलं आहे. यातलं बरंचसं तुम्हाला स्वतःलाही बघता येईल. आधी तुम्ही बघा, अडलं तर आम्हाला बोलवा.

आधी रात्रीचं विचारा

सकाळी दहा ते बारा या वेळात कुठलाही आश्रम बराच दिसतो. अंघोळी उरकलेल्या असतात, चादरी बदललेल्या असतात, दिवसपाळी हजर असते. पहिली भेट त्या वेळी ठरवून घ्यायला हरकत नाही. दुसरी मात्र न कळवता, संध्याकाळी सातनंतर द्या. आत सोडलं नाही तर कारण काय सांगतात ते ऐका. जेवणाची वेळ आहे म्हणून पंधरा मिनिटं थांबवणं रास्त आहे, ‘साहेब नाहीत, उद्या या’ हे नाही.

‘रात्री स्टाफ असतो’ या उत्तरावर समाधान मानू नका. किती जण, कोणत्या मजल्यावर, जागे की झोपलेले, हे विचारा आणि हिशोब मांडा. समजा तीस निवासी आहेत आणि त्यांतले दहा अंथरुणाला खिळलेले. अशा माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. कूस बदलणं, डायपर बघणं, चादर सारखी करणं याला प्रत्येकी दहा मिनिटं धरली तर एका फेरीला १०० मिनिटं गेली. दोन तासांतली उरली २० मिनिटं. त्यात बाकीच्या वीस जणांचं पाणी, संडास, खोकला. शिवाय जड अंगाच्या माणसाला एकट्याने वळवता येत नाही, ओढावं लागतं आणि त्यात कातडी सोलवटते. रात्री एकच मावशी असेल तर कूस बदलली जात नाही, हे कुणाला न विचारताही कळतं.

मग वही मागा. दर दोन तासांची नोंद असेल आणि सगळ्या वेळा बरोबर १०, १२, २, ४ अशा, एकाच पेनाने, एकाच दमात लिहिल्यासारख्या असतील, तर ती सकाळी बसून भरलेली आहे. खरी वही अशी नीटनेटकी नसते. तिच्यात १२.२० असतं, ‘जागे होते, नको म्हणाले’ असतं, वेगवेगळ्या सह्या असतात.

दुसऱ्यांच्या पाठी बघायचा हक्क आपल्याला नाही. पण व्यवस्थापकांना विचारता येतं: सध्या बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, किती जणांना आहेत, त्यांतले किती जण जखम घेऊनच आले आणि किती जणांना इथे झाली? आपल्या माणसाला ठेवल्यावर माकडहाड, टाचा आणि खुबे दर भेटीला बघा. लाल डाग बोटाने दाबल्यावर फिका पडत नसेल, तर ती बेडसोरची सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, तिथे हाताला गरम किंवा कडक लागतं का ते बघावं. ‘हवेची गादी दिलीय’ हे उत्तर पुरेसं नाही. गादीमुळे दाब कमी होतो, कूस बदलायचं काम सुटत नाही. बऱ्याचदा पंपाची नळी पलंगाखाली मुडपलेली असते आणि गादी सपाट पडलेली असते.

न्हाणीघर

कमोडशेजारचा दांडा अंगाचा भार टाकून ओढून बघा. फरशीत प्लास्टिकच्या गुल्ल्या मारून बसवलेला दांडा हलतो, आणि टॉवेलचा रॉड हा आधाराचा दांडा नव्हे. उंची जमिनीपासून ८० ते ८५ सेंटिमीटरच्या आसपास हवी. दार बाहेर उघडतं का? आत उघडणाऱ्या दाराला टेकून माणूस पडला की बाहेरून दार ढकलता येत नाही आणि मदत बाहेरच अडकते. कडी बाहेरूनही उघडता आली पाहिजे. व्हीलचेअर असेल तर दाराची मोकळी रुंदी तीन फूट आणि उंबरा नको.

गरम पाण्याकडे लोक बघतच नाहीत. आपल्याकडे गच्चीवर सोलर असतो आणि एप्रिल-मेमध्ये त्याचं पाणी ६० अंशांच्या वर सहज जातं. त्या तापमानाला मोठ्या माणसाची कातडीही पाचएक सेकंदांत भाजते, म्हाताऱ्या पातळ कातडीला तेवढाही वेळ लागत नाही. मधुमेहामुळे पाय बधिर असलेल्या माणसाला चटका कळतही नाही. नळाला मिक्सर आहे का, बादलीत आधी थंड पाणी घेतात का, हे मावशींना विचारा, व्यवस्थापकांना नको. अंगावर घ्यायचं पाणी ४३ अंशांपेक्षा गरम नसावं.

एखाद्या खोलीत लघवीचा वास आला म्हणून लगेच नाक मुरडू नका, नुकतंच कुणाचं काही झालेलं असेल. सगळ्या व्हरांड्यात कायम वास असेल तर गाद्यांत मुरलाय. आणि फिनेलचा डोळ्यांत जाणारा भपका असेल तर तो कशावर ओतलाय ते शोधा.

औषधं

औषधांचं कपाट उघडून दाखवायला सांगा. प्रत्येकाचा नावाचा वेगळा डबा आणि गोळ्या मूळ पट्टीत हव्यात. कापून सुट्या केलेल्या गोळीवर ना नाव राहतं, ना मुदत. तक्त्यावर सही गोळी दिल्यानंतर व्हायला हवी. दुपारी चारला गेलात आणि रात्रीच्या रकान्यात सही दिसली, तर पुढचं काही बघायची गरज नाही.

इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यायचं. त्याहून मोठी चूक वेळेची असते: इन्सुलिन साडेसहाला टोचलं आणि जेवण आठला आलं. साखर ७० च्या खाली उतरली की घाम, थरथर, बरळणं सुरू होतं, आणि ‘म्हातारपणामुळे बडबडतात’ म्हणून सोडून दिलं जातं. रात्री अडीचला असं झालं तर काय करता, असं रात्रपाळीच्या माणसालाच विचारा. शुद्धीवर असेल तर साखरपाणी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना. उत्तर यापेक्षा वेगळं आलं तर आम्ही अहवालात ते ठळक लिहितो.

संध्याकाळी सातला सगळेच गाढ झोपलेले दिसले तर झोपेची गोळी कोण लिहून देतं ते विचारा. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दिलेली झोपेची गोळी म्हणजे न दिसणारी दोरी.

जेवण

आठवड्याचा मेनू भिंतीवर असतो, वजनाची वही क्वचित असते. महिन्याला वजन घ्यायलाच हवं. ५० किलोच्या माणसाचं महिन्यात अडीच किलो घटलं, म्हणजे पाच टक्के, तर डॉक्टरांना दाखवायचं. कवळी हरवलेली असणं हे एक नेहमीचं कारण. दुसरं कारण खास आपल्याकडचं: जन्मभर बुधवार-रविवार तांबडा-पांढरा रस्सा जेवलेल्या माणसाला पूर्ण शाकाहारी आश्रमात ठेवलं की तो जेवणच टाकतो. आधी विचारून घ्या. भाकरी कुस्करून देतात का, भरवताना बसतं करतात का, हेही बघा. आडवं ठेवून भरवलं की घास श्वासनळीत जातो आणि न्यूमोनिया होतो.

आग आणि महापूर

आगीच्या हिशोबाने अंथरुणावरची माणसं तळमजल्यावर हवीत, पुराच्या हिशोबाने वर. ही ओढाताण टाळायची तर पूररेषेच्या बाहेरचीच इमारत बघा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, हायवे बंद पडला आणि उपसा केंद्रं बुडाल्याने उंचावरच्या वस्त्यांतही नळ कोरडे राहिले. म्हणून उंचावरच्या आश्रमालाही विचारा: टाकी किती दिवस पुरते, जनरेटरला डिझेल किती, औषधं पंधरा दिवसांची असतात का, आणि रस्ता तुटला तर कोणत्या दवाखान्यात नेणार?

आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत आहे असं परवानाधारक एजन्सीचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा द्यावं लागतं. शेवटचं कधीचं आहे ते बघा. त्याहून महत्त्वाचं, रात्री ग्रिलला कुलूप लावतात का आणि किल्ली कुणाकडे असते. किल्ली घरी गेलेल्या व्यवस्थापकांच्या खिशात असेल तर भिंतीवरचे सिलिंडर शोभेचे.

कागद आणि करार

ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, स्वयंपाकघराचा अन्न परवाना, नर्स असल्यास महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, हे मागा. मात्र रात्री कूस कितीदा बदलली जाते, हे यातला एकही कागद सांगत नाही.

करारात चार गोष्टी नेमक्या लिहून घ्या: अनामत कधी आणि किती कापून परत मिळणार, डायपर आणि औषधं दरात आहेत की वेगळी, दवाखान्यात असतानाच्या दिवसांचं भाडं, आणि काढून न्यायचं असेल तर किती दिवसांची नोटीस. बक्षीसपत्र किंवा मृत्युपत्र आश्रमाच्या नावे करा, असं कुणी सुचवलं तर सही न करता वकिलांकडे जा.

आम्ही काय देतो

दोन भेटी, त्यांतली एक रात्रीची आणि न कळवता. फोटोंसह लेखी अहवाल. आणि तुमच्या माणसाच्या आजारानुसार वेगळा शेरा. चालत्या-फिरत्या आजींना चांगला असलेला आश्रम स्मृतिभ्रंशाच्या आजोबांना धोक्याचा असू शकतो, म्हणून आम्ही तारे किंवा गुण देत नाही. येताना चालू औषधांची चिठ्ठी, अलीकडचं वजन आणि गेल्या वर्षभरात किती वेळा पडले, एवढी माहिती घेऊन या. दाखल केल्यावर पहिल्या महिन्यात आम्ही पुन्हा एकदा जाऊन येतो, त्याचं वेगळं शुल्क नाही. मारहाण, बांधून ठेवणं किंवा उपासमार दिसली तर आमची वाट बघू नका. ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला, १४५६७ वर, लगेच फोन करा आणि जीवाला धोका असेल तर ११२ ला.