कोक्यू-टेनची कॅप्सूल घेण्याआधी
आमच्या औषध दुकानाच्या ग्राहकांसाठी माहिती

हल्ली काउंटरवर ‘कोक्यू-टेन आहे का?’ असं विचारणारे बरेच जण येतात. कुणाला हृदयाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली असते, कुणाला मूल होण्याच्या उपचारांत, तर कुणी मोबाइलवरची जाहिरात पाहून येतं. ही कॅप्सूल स्वस्त नाही आणि घ्यायची तर महिनोन्‌महिने घ्यावी लागते. म्हणून तिचा उपयोग कुठे होतो आणि कुठे होत नाही, हे विकणाऱ्यानंच सांगितलेलं बरं.

शरीरात तिचं काम काय?

पेशीतली रासायनिक कामं एन्झाइम, म्हणजे विकरं, करतात. त्यांतल्या कित्येकांचं एकट्यानं भागत नाही, सोबत एक लहान मदतनीस रेणू लागतो. तो सहविकर, म्हणजेच को-एन्झाइम. ब गटातली बहुतेक जीवनसत्त्वं शरीरात गेल्यावर याच कामाला लागतात. कोक्यू-टेन, म्हणजे को-एन्झाइम क्यू-१०, हेही असंच एक सहविकर. ते मात्र जीवनसत्त्व नाही, कारण ते आपलं शरीर स्वतःच बनवतं.

त्याची मुख्य जागा मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांच्या, आतल्या पडद्यात. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून घ्यायचे आणि पुढच्याला द्यायचे, विहिरीपासून घरापर्यंत हातोहात घागरी पोचवणाऱ्या रांगेतल्या माणसासारखं. या देवघेवीच्या जोरावर एटीपी हे पेशीचं इंधन तयार होतं आणि त्यावर स्नायू चालतात. हृदयाला सुट्टी नसते, म्हणून तिथे कोक्यू-टेन भरपूर असतं. १९५७ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक क्रेन यांना ते पहिल्यांदा मिळालं, तेही गुरांच्या हृदयातूनच. याशिवाय पेशीतल्या स्निग्ध भागांना ऑक्सिडेशनपासून वाचवण्याचं कामही ते करतं. जाहिराती याच दुसऱ्या कामावर जास्त बोलतात.

फायदा कुणाला?

सगळ्यात भक्कम आधार हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पंप करू शकत नाही अशा, रुग्णांसाठी आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्यू-सिम्बायो’ या चाचणीत ४२० रुग्ण होते. निम्म्यांना दोन वर्षं रोज तीन वेळा १०० मिलिग्रॅम कोक्यू-टेन दिलं. हृदयाच्या गंभीर घटना त्यांच्यात १५ टक्के जणांना झाल्या, दुसऱ्या गटात २६ टक्के जणांना. आकडे चांगले आहेत, पण चाचणी फार मोठी नव्हती. शिवाय या सगळ्यांच्या नेहमीच्या गोळ्या चालूच होत्या. त्या बंद करून कोक्यू-टेन घ्यायचं, असं कुणी सुचवत असेल तर ऐकू नका.

कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. ॲटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन या ‘स्टॅटिन’ गटातल्या गोळ्या यकृतातला कोलेस्टेरॉल बनवण्याचा मार्ग अडवतात आणि कोक्यू-टेनही त्याच मार्गावर पुढे बनतं. त्यामुळे रक्तातलं त्याचं प्रमाण घटतं, हे खरं. पण वरून दिल्यानं पायांचं, मांड्यांचं दुखणं थांबतं का, यावर चाचण्यांचं एकमत नाही. कुणाला बरं वाटतं, कुणाला काहीच फरक पडत नाही. डॉक्टरांशी बोलून दोन-तीन महिने घेऊन पाहायला हरकत नाही, मात्र अंगदुखी म्हणून स्टॅटिन परस्पर सोडू नका.

अर्धशिशीत काहींचे झटके कमी होतात. पुरुषांच्या वंध्यत्वात शुक्राणूंची हालचाल सुधारल्याचं काही अभ्यासांत दिसलं, पण त्यानं अपत्यप्राप्ती वाढते हे सिद्ध झालेलं नाही. पार्किन्सनमध्ये मोठी आशा होती. ६०० रुग्णांवर रोज २४०० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा देऊन पाहिली, उपयोग दिसेना म्हणून चाचणी मध्येच थांबवली.

आणि थकवा? सर्वांत जास्त विचारणा त्यासाठीच होते. आमचा सल्ला, आधी हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. शाकाहारी घरांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी निघणं नेहमीचं आहे. ‘नसांची गोळी’ म्हणून तुम्ही नेता ते मेथिलकोबालामिन हेही एक सहविकरच, आणि कमतरता असेल तर कोक्यू-टेनपेक्षा ते स्वस्तात काम करतं.

कशी घ्यायची?

जेवणासोबत, आणि जेवणात थोडं तेल-तूप असू द्या. हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे रिकाम्या पोटी चहाबरोबर घेतली तर बरीचशी वाया जाते. मात्रा जास्त असेल तर दिवसभरात विभागून घ्या. काहींची झोप उडते, म्हणून शक्यतो रात्री नको. मळमळ किंवा पोट बिघडणं कधीकधी होतं.

युबिक्विनॉल लिहिलेली महागडी कॅप्सूलच घ्यायला हवी का? युबिक्विनोन आणि युबिक्विनॉल ही कोक्यू-टेनचीच दोन रूपं, आणि शरीर त्यांची आपापसात अदलाबदल करत असतं. वर सांगितलेली हृदयाची चाचणी साध्या युबिक्विनोनवरच झाली होती.

आहारातून रोज साधारण ३ ते ६ मिलिग्रॅम मिळतं. बांगडा, तारली, मटणाची कलेजी, शेंगदाणे, तीळ यांत ते असतं. पण १०० मिलिग्रॅम हवं असेल तर शेंगदाणे किलोनं खावे लागतील!

आम्हाला आधी सांगा

रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल चालू असेल तर स्वतःहून सुरू करू नका. कोक्यू-टेनची रचना जीवनसत्त्व के-शी मिळतीजुळती आहे, त्यानं या गोळ्यांचा असर कमी होऊ शकतो. घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची चाचणी) तपासत घ्या. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेललाही लोक ‘रक्त पातळ करायची गोळी’च म्हणतात, त्यांचं काम निराळ्या पद्धतीनं होतं. म्हणून नुसतं ‘रक्ताची गोळी’ न सांगता नाव दाखवा. रक्तदाबाच्या गोळ्या, केमोथेरपी, गरोदरपण, अंगावर पाजणं, ठरलेलं ऑपरेशन, यांतलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

खोक्यावर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा) १४ अंकी परवाना क्रमांक आणि ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली तर ते औषध नव्हे, पूरक आहार म्हणून विकलं जातंय असं समजा. बऱ्याच कॅप्सूलमध्ये कार्निटिन, लायकोपीन, ओमेगा-३ मिसळलेलं असतं. अशा वेळी कोक्यू-टेन नेमकं किती मिलिग्रॅम आहे, तेवढं वाचा.

पहिल्यांदा घेत असाल तर एकच स्ट्रिप न्या. येताना चालू गोळ्यांच्या स्ट्रिप किंवा त्यांचा फोटो आणा. दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा आमचे फार्मासिस्ट निवांत बोलू शकतात.